ईल नसलेला ईल सॉस

सुशीच्या ताटलीवर बाटलीतून नागमोडी रेघांनी सोडलेला काळपट, चकचकीत, गोड सॉस आता मुंबई-पुण्यातल्या खवय्यांनाही ओळखीचा झाला आहे. मेनूकार्डावर त्याला कुठे ईल सॉस म्हणतात, कुठे उनागी सॉस. शाकाहारी मंडळी नाव वाचून दचकतात. मासे खाणाऱ्यांना वाटतं, आपण काहीतरी अस्सल जपानी आणि पौष्टिक खातो आहोत. दोघांचाही अंदाज बहुधा चुकतो. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा बाटल्यांमध्ये ईलचा अंशही नसतो. त्यात असतो सोया सॉस, मिरिन नावाचं तांदळाचं गोड मद्य, साखर आणि कधीकधी साके ही तांदळाची दारू. नाव पडलं ते हा सॉस ज्या माशावर लावायचा त्यावरून, आणि त्या माशाची पौष्टिकतेची ख्यातीही नावासोबत बाटलीला चिकटली.

ईल हा सापासारखा लांबट मासा. कोकणच्या बाजारात येणारी समुद्रातली वाम याच गणातली. जपानी जेवणात दोन ईल महत्त्वाचे. समुद्रात जन्मून नदीत वाढतो तो उनागी, आणि आयुष्यभर समुद्रातच राहतो तो आनागो. उनागी तेलकट आणि भारदस्त, आनागो हलका आणि मऊ. सॉसही मुळात दोन वेगवेगळे. उनागी भाजताना लावतात त्याला जपानीत ‘तारे’ म्हणतात. आनागोच्या सुशीवर शेवटी ब्रशने फिरवतात तो नित्सुमे. सुशीवाले त्याला नुसतं ‘त्सुमे’ म्हणतात.

नित्सुमेची कृती पाहिली की शाकाहाऱ्यांचं दचकणं अगदीच निराधार नाही हे कळतं. आनागो साफ करून सोया सॉस, साखर, साके आणि पाण्यात मंद शिजवायचा. मासा काढून घेतला की उरलेल्या रसात त्याचीच भाजलेली डोकी आणि काटे घालायचे, गाळायचं, पुन्हा साखर-मिरिन घालून आटवत न्यायचं. काट्यांमधलं जिलेटिन उतरतं आणि पिठी न घालताही रस दाट होतो. म्हणजे जुन्या वळणाच्या सुशीच्या दुकानातल्या सॉसमध्ये ईल खरोखरच असतो. बाटलीतला सॉस मात्र उनागीच्या ‘तारे’चा वारसदार. त्याला मासा लागत नाही, त्याचा दाटपणा साखरेतून येतो आणि कारखान्यात बव्हंशी स्टार्चमधून.

या सॉसला त्याची आजची चव मिळाली ती एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत. त्याआधी ईलचे तुकडे करून काडीला टोचत, भाजत आणि मीठ किंवा मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, लावून खात. तो गरिबांचा, मजुरांचा खाऊ होता. चांगला सोया सॉस पश्चिमेकडून, ओसाका-क्योतोच्या बाजूने जहाजाने यायचा आणि महाग पडायचा. मग एदोच्या आसपासच सोया सॉस तयार होऊ लागला. चोशी या बंदरगावात सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच कारखाने उभे राहिले, पाठोपाठ नोदा गावातही. तिथल्या सोया सॉसमध्ये सोयाबीनइतकाच भाजलेला गहू पडतो, त्यामुळे तो गडद आणि खमंग. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागारेयामा या गावी फिकट रंगाची, स्वच्छ मिरिन होऊ लागली. नोदा आणि नागारेयामा दोन्ही गावं एदो नदीच्या काठावर. पिंपं नावेत भरायची आणि प्रवाहाबरोबर एदोत उतरवायची. त्याच नदीच्या नावाचा एदोगावा हा तोक्योचा वॉर्ड आज मराठी माणसालाही परका नाही. तिथल्या निशीकासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि संगणकाच्या नोकरीनिमित्त गेलेली मराठी घरंही त्यात आहेत.

गडद सोया सॉस आणि मिरिन एका शहरात सहज मिळू लागले आणि ईलचं नशीब पालटलं. मासा उभा चिरून सपाट करायचा, काटा काढायचा, बांबूच्या काड्यांवर ताणून कोळशावर धरायचा, सॉसमध्ये बुडवायचा, पुन्हा कोळशावर. या प्रकाराला काबायाकी म्हणतात. तोक्योकडे मासा पाठीकडून चिरतात आणि मध्ये एकदा वाफवतात. ओसाकाकडे पोटाकडून चिरतात आणि न वाफवता थेट भाजतात. एदो हे सामुराईंचं शहर, पोट फाडणं म्हणजे हाराकिरी, म्हणून तिथे पाठ चिरतात असं सांगितलं जातं. गोष्ट छान आहे, पण मला ती मागाहून जुळवलेली वाटते. वाफवून लुसलुशीत झालेला मासा काड्यांवरून निसटू नये यासाठी पाठीकडून चिरणं सोयीचं, हे कारण साधं आहे आणि पटणारंही.

हाताने दाबलेल्या सुशीत ईल आला तोही एदोतच. हानाया योहेई या माणसाने १८२०च्या दशकात हाताने दाबलेल्या भाताच्या घासावर मासा ठेवून विकायला सुरुवात केली असं मानतात. तेव्हा बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती. मासा एकतर व्हिनेगरमध्ये मुरवलेला असे, किंवा सोया सॉसमध्ये, नाहीतर शिजवून वर गोड रस फिरवलेला. घास तोंडात जाण्यापूर्वीच त्याची चव पूर्ण झालेली असे. आजही चांगल्या दुकानात आनागो, ऑक्टोपस किंवा शिजवलेल्या शिंपल्याच्या घासावर त्सुमे लावून देतात आणि तो घास सोया सॉसमध्ये बुडवायचा नसतो. ईल तर सहसा कच्चा देत नाहीत. त्याच्या रक्तात विषारी प्रथिनं असतात, शिजवल्यावर ती निकामी होतात.

आता वासाकडे येऊ, कारण हा सॉस विकला जातो तो आधी नाकाला. सोया सॉस म्हणजे कोजी नावाच्या बुरशीने सोयाबीन आणि गव्हातल्या प्रथिनांचे केलेले बारीक तुकडे, अमिनो आम्लं. उमामी चव देणारं ग्लुटामिक आम्ल त्यांपैकीच. मिरिन करतानाही तीच बुरशी कामाला येते. चिकट तांदूळ वाफवून, कोजी लावलेला तांदूळ त्यात मिसळून, ते सगळं शोचू या तांदळाच्या दारूत महिना-दोन महिने ठेवतात. स्टार्चचं ग्लुकोज होत जातं. एरवी ही साखर यीस्टने खाऊन टाकली असती, पण दारूमुळे यीस्टला वाढता येत नाही, म्हणून मिरिन गोड राहते. खऱ्या मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असतं. एका भांड्यात अमिनो आम्लं आणि ग्लुकोज एकत्र आली आणि खाली निखारे असले की मायार अभिक्रिया सुरू होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. भाकरीच्या पापुद्र्याला, भाजलेल्या कॉफीला, तव्यावरच्या माशाला जो तपकिरी रंग आणि वास येतो तो तिच्यामुळेच. ईलमधून चरबीचे थेंब कोळशावर पडतात, सॉसचे थेंब पडतात, धूर उठतो आणि भाजणारा पंख्याने तो वारतो. काही धूर रस्त्यावर जातो, तो जावा अशीच इच्छा असते.

या धुरावर जपानी कथाकारांचा एक जुना विनोद आहे. एक चिक्कू माणूस रोज ईलच्या दुकानाशेजारी बसून नुसत्या वासावर कोरडा भात जेवतो. महिनाअखेर दुकानदार त्याच्याकडे वासाचे पैसे मागायला येतो. चिक्कू पैशांची थैली काढतो, खुळखुळवतो आणि म्हणतो, आवाज ऐकलास ना, मग हिशोब फिटला.

ईलच्या जुन्या दुकानांत सॉसचं मडकं कधी पूर्ण रिकामं करत नाहीत. दिवसभरात जेवढा सॉस संपतो तेवढा नवा करून ओततात. शंभर-दोनशे वर्षांचा सॉस, १९२३च्या भूकंपात आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात आधी मडकं उचलून पळालेले मालक, अशा कथा तोक्योत अनेक दुकानांबद्दल सांगतात. आपल्याकडे विरजण असंच पिढ्यान्‌पिढ्या चालवतात, पण विरजणात जिवंत जिवाणू असतात, ते नव्या दुधात वाढतात. ईलच्या मडक्यात काहीच वाढत नाही, आणि वाढू नये म्हणूनच तो सॉस टिकतो. मीठ आणि साखर इतकी दाट असते की जंतूंना वापरायला पाणी उरत नाही. शिवाय निखाऱ्यावरून उचललेले कढत मासे दिवसातून अनेकदा त्यात बुडत राहतात, म्हणजे सॉस आपोआप तापत राहतो.

मग दोनशे वर्षांपूर्वीचा सॉस आज किती उरला असेल? समजा, रोज मडक्यातला दहावा भाग संपतो आणि तेवढाच नवा ओतला जातो. महिनाभरात मूळ सॉस सुमारे ४ टक्के उरतो. शंभर दिवसांनी एक लाख भागांत जेमतेम तीन. म्हणजे मालक ज्याला पणजोबांचा सॉस म्हणतो तो व्यवहारात गेल्या काही आठवड्यांचाच असतो. तरीही ताजा सॉस आणि मडक्यातला सॉस एक लागत नाहीत. हजारो माशांची चरबी, जिलेटिन आणि जळका खमंगपणा त्यात उतरत असतो, आणि जुनं जातं तसं नवं येत राहिल्याने त्याची पातळी सारखी राहते. वयाचा दावा फुगवलेला असेल, पण चवीचा दावा खरा आहे.

पौष्टिकतेचं बघू. घरी करताना साधारण प्रमाण असं असतं: १०० मिली सोया सॉस, १०० मिली मिरिन, ५० ग्रॅम साखर, थोडी साके, आणि हे सगळं १८० मिलीपर्यंत आटवायचं. जपानी सोया सॉसमध्ये वजनाच्या साडेचौदा टक्के मीठ असतं, मिरिनमध्ये ४३ टक्क्यांच्या आसपास कर्बोदकं, तीही बहुतेक साखरच. हिशोब केला तर एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीत, सुमारे ४० कॅलरी येतात, साखर ९ ग्रॅम, मीठ १.४ ग्रॅम आणि प्रथिनं एक ग्रॅमहूनही कमी. स्निग्धांश जवळजवळ शून्य. जीवनसत्त्वांच्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नाही. सोयाबीनचा आहे, आंबवलेला आहे, म्हणून त्यातून ब-१२ मिळेल अशी आशा शाकाहाऱ्यांनी ठेवू नये.

९ ग्रॅम साखर म्हणजे चहाचे दोन चमचे. १.४ ग्रॅम मीठ म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला घालून दिलेल्या ५ ग्रॅमच्या मर्यादेतला पाव हिस्सा आणि वर थोडं. गंमत अशी की तेवढ्याच साध्या सोया सॉसमध्ये अडीच ग्रॅमहून जास्त मीठ असतं. म्हणजे चमच्याला चमचा धरला तर गोड सॉस मिठाच्या बाबतीत सौम्य ठरतो. पण माणसं चमच्याला चमचा वापरत नाहीत. खारट सोया सॉस जिभेला लगेच थांबवतो. गोड सॉसमधलं मीठ साखरेआड लपतं आणि हात सैल सुटतो. जपानी सुशीवाला घासावर ब्रशचा एक फटकारा मारतो, त्यात अर्धा छोटा चमचासुद्धा नसतो. तेवढ्याला कोणी घाबरायचं कारण नाही. अमेरिकेत जन्मलेल्या रोलवर, आतमध्ये तळलेली कोळंबी, वर ॲव्होकॅडो आणि मेयोनीज, त्यावर बाटली पिळून दोन-तीन चमचे सहज पडतात. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी तिथे सॉस वेगळ्या वाटीत मागवावा. तो मिळतो.

आता ईलकडे पाहा. १०० ग्रॅम काबायाकीत प्रथिनं सुमारे २३ ग्रॅम, स्निग्धांश २१ ग्रॅम, ‘अ’ जीवनसत्त्व १५०० मायक्रोग्रॅमच्या घरात, म्हणजे प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त. ‘ड’ जीवनसत्त्वही भरपूर, ओमेगा-३ मेदाम्लंही. ईलने अंगात ताकद येते ही समजूत जपानात फार जुनी. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात ओतोमो नो याकामोची हा कवी एका किडकिडीत मित्राची थट्टा करत त्याला उन्हाळ्यात ईल खायला सांगतो. तेव्हा हा सॉस अस्तित्वातच नव्हता. ऐन उन्हाळ्यात ठरावीक दिवशी ईल खाण्याची चाल अठराव्या शतकातल्या हिरागा गेन्नाई या अष्टपैलू विद्वानाने एका दुकानासाठी लिहिलेल्या पाटीमुळे पडली असं म्हणतात. त्याला ठोस पुरावा नाही, पण जाहिरातीची बुद्धी मानायला हवी: नदीतला ईल खरा चरबीदार होतो तो थंडीच्या तोंडावर, आणि खप होतो भर उन्हाळ्यात.

या खपाची किंमत माशाने मोजली आहे. जपानी ईल अंडी घालतो मारियाना बेटांच्या पश्चिमेला, जपानपासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर. काचेसारखी पारदर्शक पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याला लागतात. तिथे ती पकडून तळ्यांत वाढवतात. आज ताटात येणारा बहुतेक ईल असा तळ्यातलाच असतो, पण त्याची पिल्लं समुद्रातलीच. प्रयोगशाळेत अंड्यापासून अंड्यापर्यंतचं चक्र २०१० मध्ये पूर्ण झालं, तरी ते स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर करणं अवघड गेलं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जपानी ईलला संकटग्रस्त ठरवलं. मासा महागला तसा सॉस एकटाच हिंडू लागला. किंदाई विद्यापीठात ईलच्या चवीजवळ जाणारा कॅटफिश वाढवण्याचे प्रयोग झाले. माशाच्या लगद्याचा नकली ईल पाकिटात मिळू लागला. या सगळ्यांना ईलपण देतो तो हाच सॉस. भात, त्यावर नुसता सॉस, हेही काही जपानी घरांत आवडीचं जेवण आहे.

मांसाहार वर्ज्य असलेल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात ईलची नक्कल फार आधीपासून होत आली आहे: किसलेला कंद आणि टोफू एकत्र मळून नोरीच्या, म्हणजे समुद्रशेवाळाच्या, पापुद्र्यावर थापायचं, तळायचं, मग सॉसमध्ये भाजायचं. काळी नोरी माशाच्या कातडीची जागा घेते. आपल्या घरी याहून सोपा आणि अस्सल जपानी प्रकार म्हणजे वांग्याची काबायाकी. लांब वांगी वाफवून सोलायची, मध्ये चिरून पुस्तकासारखी उघडायची, तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परतायची आणि शेवटी सॉस ओतून तो आटेपर्यंत ठेवायची. गरम भातावर ही वांगी फार छान लागतात. माशांपैकी बांगड्यासारखा तेलकट मासा या सॉसला झेपतो. पापलेटला लावू नये, त्याची नाजूक चव पार बुडते. पनीरवर लोक लावतात. मला ते आवडत नाही, गोडावर गोड होतं.

जपानी माणूस काबायाकीवर सान्शो नावाची हिरवट पूड भुरभुरवतो. तिने जीभ किंचित झिणझिणते आणि सॉसचा गोडवा कापला जातो. सान्शो आणि आपलं तिरफळ एकाच वनस्पती-कुळातल्या एकाच वंशाचे, दोन्ही झँथोझायलम. दोन्हींची बी टाकून वरचं साल तेवढं घेतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही प्रदेशांत त्यांची जागा तेलकट माशाशेजारीच आहे, गोव्या-कोकणात बांगड्याच्या आमटीत, जपानात ईलवर. तिरफळाचा वास अधिक उग्र. भाजून, कुटून, चिमटीच्याही निम्म्याने घेतलं तर वांग्याच्या काबायाकीवर ते चालून जातं.

घरी सॉस करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. चायनीजच्या गाड्यांवर असतो तो कॅरॅमलचा रंग घातलेला डार्क सोया सॉस इथे उपयोगाचा नाही, आटवल्यावर तो कडवटतो. नैसर्गिकरीत्या आंबवलेला सोया सॉस घ्यावा. आणि चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरला की आच बंद करावी, कारण गरम असताना पातळ वाटणारा सॉस गार झाल्यावर बराच दाटतो. मिरिन नको असेल किंवा मिळत नसेल तर पाणी आणि जास्तीची साखर घालून काम भागतं, चकाकी थोडी कमी येते. मिरिन घातली तर उकळल्यावर अल्कोहोल बहुतांश उडतं, पण अगदी कणभरही राहणार नाही याची खात्री देता येत नाही. ज्यांना ते पूर्ण वर्ज्य आहे त्यांनी साखरेचीच वाट धरावी. गहू न चालणाऱ्यांना गव्हाविना केलेला तामारी सोया सॉस मिळतो, त्याचं लेबल मात्र वाचून घ्यावं.

विकतच्या बाटलीचंही लेबल वाचावं. ईलचा अर्क, बोनिटो मासा किंवा त्याची दाशी, म्हणजे सार, यांपैकी काही लिहिलं असेल तर ती बाटली शाकाहारी नाही. काहीच लिहिलं नसेल तरी हॉटेलात प्रश्न विचारावा लागतोच, कारण तिथे एकच ब्रश माशावरून फिरून तुमच्या वांग्यावर येऊ शकतो.

घरचा सॉस स्वच्छ, कोरड्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर काही आठवडे सहज राहतो. संपत आल्यावर जुन्यातच नवा ओतत राहण्याचा मोह होईल, कारण दोनशे वर्षांच्या मडक्याची गोष्ट आपण वाचलेली असते. आपल्या बाटलीत मात्र दिवसातून पन्नास वेळा कढत ईल बुडत नाही. म्हणून ती संपवून, उकळत्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच पुन्हा भरावी.